वाढत्या सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होताना

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एक साधा प्रश्न तिघांना विचारला होता: ग्राहकाला बिल जातं ते नेमकं कुठून? पहिला म्हणाला, रात्री एक स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) चालते, ती पाठवते. दुसरी म्हणाली, ती स्क्रिप्ट आता कोण वापरतं, बिलांची वेगळी सर्व्हिस (तेवढंच काम करणारा स्वतंत्र प्रोग्राम) आहे. तिसऱ्याने सांगितलं, सर्व्हिस आहे खरी, पण मोठ्या ग्राहकांची बिलं अकाउंट्सवाले हातानेच काढतात. मला वाटलं, यांतले दोघे तरी चुकताहेत. पुढे कळलं की तिन्ही गोष्टी चालू होत्या. अगदी जुन्या ग्राहकांसाठी स्क्रिप्ट, मधल्यांसाठी सर्व्हिस आणि मोठ्यांसाठी माणूस. पहिला कंपनीत आला तेव्हा १४ जण होते, दुसरी आली तेव्हा ४० आणि तिसरा आला तेव्हा ९०. प्रत्येकाने मला आपापल्या वेळची कंपनी सांगितली होती.

वाढत्या कंपनीत माहिती माणसांच्या डोक्यात असते आणि सहा महिन्यांत ती शिळी होते. नव्या माणसाची निम्मी दमछाक त्यामुळेच होते. पण लवकर उपयोगी पडायची वाटही इथूनच निघते. जे विचाराल, जे कळेल, ते सगळ्यांना सापडेल अशा जागी लिहून ठेवायचं. पुढे मी जे सांगणार आहे त्यात हे वारंवार येईल, कारण माझ्या अनुभवात यापेक्षा जास्त फळ दुसऱ्या कुठल्याच सवयीने दिलेलं नाही.

असं का होतं, ते आकड्यांत पाहा. १० माणसांत दोघादोघांच्या जोड्या ४५ होतात, २० माणसांत १९० आणि १०० माणसांत ४,९५०. म्हणजे माणसं दहापट झाली तर बोलण्याच्या वाटा ११० पट होतात. १० जण एका टेबलाभोवती बसून जे सहज ठरवायचे ते १०० जणांना तसं ठरवता येत नाही. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहिलं होतं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसं लावली की उशीर आणखी वाढतो. नव्याला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो, हे त्याचं एक मोठं कारण. सुरुवातीचे काही आठवडे तो नवा माणूस तुम्ही असणार आहात. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका, कंपनीने हे धरूनच तुम्हाला घेतलंय. फक्त तुमच्यावर खर्च झालेला जुन्यांचा वेळ पुढच्यासाठी पुन्हा खर्च होऊ नये, एवढं बघायचं.

१. होकार देण्याआधी

मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हणतात तेव्हा गप्प बसू नका. मी चार गोष्टी विचारते. गेल्या सहा महिन्यांत किती जण आले आणि किती गेले? माझ्या मॅनेजरकडे एकूण किती माणसं आहेत? ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली? आणि कंपनी ग्राहकांच्या पैशावर चालते की गुंतवणूकदारांच्या, गुंतवणुकीवर चालत असेल तर हातातला पैसा किती महिने पुरेल? मॅनेजरकडे सात-आठ माणसं असतील तर ठीक. पंधरा असतील तर तुमच्यासाठी त्यांना वेळ मिळणार नाही, माणूस कितीही चांगला असला तरी. पैशाचा प्रश्न विचारायला जीभ अडखळते. तरी विचारा. चांगली कंपनी अंदाजे का होईना उत्तर देते. नुसती उडवाउडवी झाली तर त्यातूनही तुम्हाला काही कळलेलं असतं.

ऑफरमध्ये पगारासोबत स्टॉक ऑप्शन असतील तर जरा थांबा. नवख्यांचा सगळ्यांत जास्त गैरसमज इथे होतो. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या भावाने पुढे शेअर विकत घ्यायचा तो हक्क, आणि तोही हप्त्याहप्त्याने मिळतो. सर्वांत रुळलेली पद्धत चार वर्षांची, त्यात पहिल्या वर्षाची अट. समजा तुम्हाला ४,८०० ऑप्शन दिले. ११ व्या महिन्यात नोकरी सोडली तर हाती शून्य. १२ महिने भरले की १,२०० तुमचे, आणि त्यानंतर दर महिन्याला १००.

आता ४,८०० हा आकडा मोठा की लहान? नुसत्या आकड्यावरून ते सांगताच येत नाही. कंपनीचे एकूण शेअर १० लाख असतील तर तुमचा वाटा ०.४८ टक्के, आणि १० कोटी असतील तर ०.००४८ टक्के. म्हणून एकूण शेअर किती, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याकडे बघूच नका. खरेदीचा भाव विचारा. नोकरी सोडल्यावर किती दिवसांत शेअर घ्यावे लागतात तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ही मुदत ९० दिवसांची असते, आणि तेवढ्यात पदरचे पैसे घालावे लागतात. शिवाय कंपनी विकली गेली तर बहुतेक करारांत गुंतवणूकदारांचा पैसा आधी वळता होतो आणि उरलेल्यातून बाकीच्यांना मिळतं. माझा नियम असा: ऑप्शनची किंमत शून्य धरायची, आणि नुसत्या पगारावर मन राजी असेल तरच होकार द्यायचा. पुढे काही मिळालं तर आनंदच आहे.

२. पहिला आठवडा: अडखळाल तिथे खूण करा

पहिलं काम म्हणजे मशीन तयार करणं. रीडमी फाइलमध्ये पायऱ्या दिलेल्या असतात आणि त्यांतल्या एखाद्या पायरीला घोडं अडतंच. माझे दोन दिवस गेले होते. शेवटी निघालं एवढंच की एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (मशीनवर नोंदवायची एक सेटिंग) हवा होता, आणि तो फक्त आठ महिन्यांपूर्वीच्या एका चॅट मेसेजमध्ये होता. मी रीडमीत दोन ओळी घातल्या आणि पुल रिक्वेस्ट (हा बदल तपासून घ्या, अशी विनंती) टाकली. माझा मंजूर झालेला पहिला बदल तो. माझ्यानंतर आलेल्या मुलाचं मशीन अर्ध्या दिवसात उभं राहिलं, तेव्हा कुठलंही मोठं फीचर केल्यावर वाटलं नसतं इतकं बरं वाटलं.

हे काम नव्याशिवाय कुणी करू शकत नाही. जुन्यांच्या मशीनवर सगळं केव्हाचंच लावलेलं असतं. सूचनांमधली भोकं त्यांना दिसायचा मार्गच नसतो. तुम्हाला ती दिसतात, पण जेमतेम महिनाभर. नंतर आडवाटाही अंगवळणी पडतात आणि तुम्हीही "अरे हो, तिथे असं करायचं असतं" म्हणू लागता. त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक फाइल उघडी ठेवा. अडखळलात की एक ओळ लिहा, तारखेसकट.

त्याच फाइलमध्ये शब्दांची यादीही करा. प्रत्येक कंपनीची आपली एक बोली असते. सर्व्हिसना टोपणनावं असतात, बंद पडलेल्या प्रकल्पांची नावं अजून डेटाबेसच्या टेबलांना चिकटलेली असतात, आणि "अकाउंट" या एका शब्दाचा सेल्सवाल्यांचा अर्थ वेगळा आणि डेटाबेसमधला वेगळा असतो. मीटिंगमध्ये कळला नाही तो शब्द टिपा, नंतर विचारा, अर्थ लिहा. महिन्याभराने ती यादी टीमला द्या. जुने लोकही ती वाचतात असा माझा अनुभव आहे.

एक सावधगिरी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. पासवर्ड किंवा गुप्त 'की' (प्रवेशासाठीचा सांकेतिक मजकूर) कधीही कोडमध्ये ठेवू नका, चॅटवरही पाठवू नका. चुकून कमिट झालाच, म्हणजे बदलासोबत नोंदला गेलाच, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, कारण गिट (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं साधन) याच्या इतिहासात तो तसाच राहतो. अशा वेळी लगेच सांगायचं आणि तो पासवर्डच बदलून घ्यायचा.

३. ग्राहक होऊन पाहा

कोड वाचायची घाई असली तरी आधी आपलंच सॉफ्टवेअर ग्राहकासारखं वापरून पाहा. नवं खातं उघडा, चुकीचा पासवर्ड टाका, पैसे भरायच्या पानापर्यंत जा. मग सपोर्टवाल्यांजवळ दोन तास बसायची परवानगी मागा. मला वाटतं, पहिल्या आठवड्यातले ते सर्वांत चांगले दोन तास असतात. कुठलं बटण लोकांना सापडत नाही आणि रोज तेच ते कोणतं उत्तर टाइप करावं लागतं, हे सपोर्टच्या माणसाला जितकं ठाऊक असतं तितकं कोड लिहिणाऱ्याला नसतं. शिवाय तिथे एक ओळख होते, आणि पुढे ग्राहकाच्या तक्रारीचा तपशील हवा असला की ती कामी येते.

४. प्रश्न कसा आणि कुणाला विचारायचा

नवखी माणसं दोन टोकांना जातात. काही जण दर दहा मिनिटांनी विचारतात. काही जण लाजेपोटी दोन-दोन दिवस एकटेच झगडतात. दुसरा प्रकार मी जास्त पाहिला आहे आणि तो जास्त महागात पडतो, माणसालाही आणि टीमलाही. अर्धा तास स्वतः प्रयत्न करा. त्या अर्ध्या तासात काय काय केलं ते टिपत राहा. तरी सुटलं नाही तर विचारा, न लाजता.

प्रश्नाचा मजकूर मात्र नीट लिहायचा. "लॉगिन चालत नाहीये, कुणी बघेल का?" या मेसेजला उत्तर देणाऱ्याने आधी तुम्हालाच चार प्रश्न विचारायला हवेत. त्याऐवजी असं लिहून पाहा: "लोकल मशीनवर लॉगिन केल्यावर ४०१ एरर येतोय. रीडमीतल्या सगळ्या पायऱ्या केल्या. टोकनची मुदत तपासली, ती ठीक आहे. ऑथ सर्व्हिसच्या लॉगमध्ये 'की' सापडली नाही असं दिसतंय. ही 'की' कुठून येते तेवढं कळलं तर पुढचं मी बघते." याचं उत्तर एका ओळीत मिळतं. आणि असा मेसेज लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर आपल्यालाच सापडतं.

शक्यतो खासगीत विचारू नका, टीमच्या उघड्या चॅनेलवर विचारा. आपलं अज्ञान चारचौघांत दिसेल म्हणून अंगावर काटा येतो, मलाही यायचा. पण खासगी उत्तर दोघांपुरतं राहतं. उघड्यावरचं उत्तर सहा महिन्यांनी येणाऱ्यालाही शोधल्यावर सापडतं. उत्तर मिळालं की ते डॉक्युमेंटमध्ये टाका आणि त्याची लिंक त्याच प्रश्नाखाली लावा. ज्याने वेळ दिला त्याला तो वाया गेला नाही हे दिसतं, आणि पुढच्या वेळी तो आनंदाने सांगतो.

प्रत्येक वाढत्या कंपनीत असा एक माणूस असतोच की ज्याच्याकडे सगळे धावतात. बहुधा पहिल्या पाच-सातांपैकी एक. तो उद्या आला नाही तर काम किती अडेल याची कल्पनाही कुणाला करवत नाही. त्याला सुटे सुटे प्रश्न विचारून छळू नका. आठवडाभराचे प्रश्न साठवा, वीस मिनिटं वेळ मागा, ऐकलेलं त्याच दिवशी लिहून काढा आणि "मी बरोबर समजले का?" म्हणून त्याला वाचायला द्या. ज्याला स्वतः लिहायला कधी वेळ मिळाला नाही, त्याच्यासाठी चुका दुरुस्त करणं सोपं असतं. मी अशीच एकेका विषयाची पानं तयार केली. त्यांतली काही वर्षभर वापरात होती, पुढे तीही शिळी झाली आणि दुसऱ्या कुणी तरी बदलली.

५. पहिला खरा बदल

पहिला बदल लहान निवडा. एखादा जुना बग, एखादा चुकीचा संदेश. बदल किती मोठा, हे इथे गौण आहे. तुमची एक ओळ कोडमधून टेस्ट, रिव्ह्यू (सहकाऱ्याने तपासणं) आणि डिप्लॉय (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर चढवणं) असा प्रवास करून ग्राहकापर्यंत पोचते, ती सगळी वाट एकदा पायाखालून घालायची असते.

कोड वाचताना "हे कुणी लिहिलंय?" असं मनात येईलच. तोंडावर आणू नका, कारण लिहिणारा बहुधा शेजारीच बसलेला असतो, आणि त्याच्याकडे कारण असतं. गिट ब्लेम या आज्ञेने ती ओळ कधी आली ते बघा, मग त्या वेळची पुल रिक्वेस्ट आणि टिकेट (त्या कामाची नोंद) वाचा. पुष्कळदा दिसतं की तेव्हा ग्राहक पाच होते, माणसं तीन होती आणि एक मोठा करार त्या शुक्रवारी व्हायचा होता. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने १९९२ मध्ये अशा कोडला कर्जाची उपमा दिली. कर्ज काढून काम लवकर पुढे नेता येतं, फेडत राहिलं तर काही बिघडत नाही, पण फेड लांबली की व्याज चढत जातं. ज्या कंपनीने असं काहीच कर्ज काढलं नाही ती बहुधा तुम्हाला नोकरी द्यायला शिल्लकच राहिली नसती. त्यामुळे आल्या आल्या सगळं नव्याने लिहायचा प्रस्ताव मांडू नका. ज्या फाइलला हात लावाल ती थोडी बरी करून सोडा, आणि मोठ्या दुरुस्तीची कल्पना असेल तर ती तीन महिने टिपून ठेवा. तीन महिन्यांनंतरही पटत असेल तर मांडा. तोपर्यंत तुम्हाला तिची किंमतही कळलेली असते.

पुल रिक्वेस्ट एका बैठकीत वाचून होईल एवढीच असावी. काय बदललं ते कोड सांगतोच. का बदललं ते तुम्ही लिहा, आणि तपासलं कसं तेही. हजार ओळींची पुल रिक्वेस्ट टाकली की तिचं भिजत घोंगडं होतं. वाचणारा उद्यावर ढकलतो, तोवर मुख्य ब्रांच (सगळ्यांचा सामाईक कोड) पुढे जाते आणि मर्ज करताना, म्हणजे आपला बदल तिच्यात मिसळताना, नवी भांडणं निघतात. रिव्ह्यूमध्ये वीस टिपा आल्या तर मन खट्टू होतं, ते स्वाभाविक आहे. प्रत्येक टिपेला उत्तर द्या. पटली तर बदला, पटली नाही तर कारण द्या, आणि तीनदा लिहूनही जुळत नसेल तर पाच मिनिटं समोरासमोर बोला, मग ठरलं ते तिथेच एका ओळीत नोंदवा. आणि महिन्याभरातच तुम्हीही इतरांचा कोड वाचायला लागा. "मला ही ओळ कळली नाही, हे का केलंय?" एवढा प्रश्नही चांगला रिव्ह्यू असतो.

६. प्रॉडक्शन, आणि तुमच्या हातून काही मोडतं तेव्हा

प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक वापरतात ती खरी सिस्टिम. तिथे तुमच्या हातून कधी तरी मोडेल. सगळ्यांच्याच हातून मोडतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायच्या ऐवजी चुकून मुख्य सर्व्हरवरचा पुसला. मग लक्षात आलं की बॅकअपच्या ज्या पद्धती आहेत असं सगळे धरून चालले होते त्या नीट चालतच नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती होती, तिच्यावरून डेटा परत आणला, मधला गेला तो गेलाच. या कंपनीने दुरुस्तीचं काम चालू असताना सगळ्यांना उघड दाखवलं आणि नंतरचा सविस्तर अहवालही प्रसिद्ध केला. त्यात त्या इंजिनिअरचं नाव नाही. एका माणसाला एका आज्ञेत सगळं पुसता कसं आलं आणि बॅकअप बंद असल्याचं कुणालाच का कळलं नाही, याचा शोध त्यात आहे.

दुसरं उदाहरण १ ऑगस्ट २०१२ चं. नाइट कॅपिटल ही शेअरबाजारात व्यवहार करणारी कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, तो सातांवरच गेला. आठव्यावर जुना, वापरात नसलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. पुढे ती कंपनी स्वतंत्र राहू शकली नाही. डिप्लॉय हाताने करताना "एखाद्या सर्व्हरवर राहून गेलं तर?" असं जेव्हा तुमच्या टीममध्ये कुणी विचारेल तेव्हा त्याला घाबरट म्हणू नका.

तुमच्या हातून काही बिघडलं, किंवा बिघडल्यासारखं वाटलं, की पहिल्या मिनिटात सांगा. कारण शोधून मग सांगू, असं म्हणत बसू नका. मेसेज असा पुरे: "११:४० ला मी पेमेंटचा बदल डिप्लॉय केला. ११:४३ पासून एरर वाढलेत. मागे घेतेय. कारण अजून माहीत नाही." आधी रोलबॅक (बदल मागे घेणं), मग कारण. ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाला की धावून जायची, पाळी सुरू होण्याआधी एकदा अनुभवी माणसासोबत पाळी करा, आणि रोलबॅक स्वतःच्या हाताने करून पाहा, शांत दिवशी. तहान लागल्यावर विहीर खणायला वेळ नसतो. कंपनीने ग्राहकांना ९९.९ टक्के चालू राहण्याचं वचन दिलं असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात बंद राहायला मुभा असते जेमतेम ४३ मिनिटांची. ९९.९९ असेल तर चार मिनिटांच्या थोडी वर. तेवढ्यात योग्य पान उघडायला आणि योग्य माणसाला उठवायलाच वेळ जातो, म्हणून कुठल्या अलर्टला काय करायचं हे आधी लिहिलेलं असावं लागतं.

नंतरच्या चर्चेत सगळं खरं सांगा. ज्या टीममध्ये चूक सांगणाऱ्याला झोडतात, तिथे पुढच्या वेळी चूक लपवली जाते. तुमच्याकडे असं होत असेल तर ते गंभीरपणे घ्या. तिथे किती काळ राहायचं, याचा विचार करायला ते पुरेसं कारण आहे.

७. मॅनेजर, अंदाज आणि तुमची नोंदवही

मॅनेजरसोबतची आठवड्याची भेट रद्द होऊ देऊ नका. कामाची यादी वाचून दाखवण्यात ती घालवू नका, ती टिकेटवर दिसतेच. कुठे अडलंय, कशात गोंधळ आहे, पुढच्या महिन्यात सर्वांत महत्त्वाचं काय, हे बोला. "मी ज्या दोन गोष्टी करतेय त्यांतली एकच होणार असेल तर कुठली हवी?" हा प्रश्न वाढत्या कंपनीत सोन्याच्या मोलाचा आहे. इथे कामांना तोटा नसतो, प्रत्येक टीमला तुमचा थोडा वेळ हवा असतो, आणि सगळ्यांना हो म्हटलं की एक ना धड भाराभर चिंध्या. नकार देताना नुसतं नाही म्हणू नका. "हे घेतलं तर ते पुढच्या आठवड्यावर जाईल, चालेल का?" असं विचारा. निर्णय त्यांचा, पण किंमत तुम्ही समोर ठेवलेली असते.

अंदाज देताना आधी सर्वांत अनोळखी भाग शोधा. अर्धा दिवस तिथे हात घालून बघा आणि मग आकडा सांगा. चुकतोय असं दिसलं की त्याच दिवशी कळवा. उशीर लोक समजून घेतात, शेवटच्या दिवशी कळलेला उशीर नाही.

आणि दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून स्वतःची नोंद ठेवा: या आठवड्यात काय केलं, त्याने काय बदललं, कुणाला मदत केली. हे मी ठासून सांगते, कारण १४ महिन्यांत माझे तीन मॅनेजर बदलले. कुणी वाईट नव्हतं. टीम फुटल्या, माणसं वर गेली, एक नोकरी सोडून गेला. अप्रेझलच्या वेळी जो मॅनेजर होता तो मला सहा आठवडे ओळखत होता. माझं आधीचं काम त्याला कळलं ते केवळ त्या नोंदींमुळे. ज्यांच्याकडे नोंद नव्हती अशा दोघांचं चांगलं काम त्या वर्षी मोजलंच गेलं नाही, आणि ते मला अजून सलतं.

८. पायाखालची रचना बदलते तेव्हा

पन्नास-साठ माणसांच्या पुढे टीम फुटू लागतात. काल जे तुमचं होतं ते आज दुसऱ्या टीमचं होतं. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं की संस्थेत माणसांचं बोलणं जसं विभागलेलं असतं, तशीच तिने बनवलेल्या सिस्टिमची रचना होते. याचा रोजच्या कामाला उपयोग आहे. दोन सर्व्हिसच्या सांध्यावर सारखे बग येत असतील तर कोडसोबत हेही बघा की त्या दोन टीम शेवटच्या कधी बोलल्या होत्या. मी एकदा असा एक बग तीन आठवडे शोधत होते. पलीकडच्या टीमच्या स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीला) दोन दिवस जाऊन बसले, आणि त्यांनी एका फील्डचा अर्थ बदलल्याचं कानावर पडलं.

नव्या प्रक्रिया येतात तेव्हा जुन्या लोकांची नाराजी ऐकू येईल. "पूर्वी आम्ही दिवसात चारदा डिप्लॉय करायचो." त्यांचं म्हणणं ऐकून घ्या. त्यांनी आपली लहान कंपनी गमावलेली असते आणि ते दुःख खरं असतं. पण प्रत्येक नव्या फॉर्ममागे कुठली घटना होती ते शोधा. घटना सापडली तर फॉर्म भरा. सापडलीच नाही तर रेट्रोमध्ये (झालेल्या कामाच्या आढावा-बैठकीत) तो बंद करायचा प्रस्ताव मांडा.

कामाच्या तासांबद्दल एवढंच. लाँचच्या आठवड्यात जास्त बसावं लागेल, त्याची तक्रार नको. पण असा आठवडा दर महिन्याला येत असेल तर तो नियोजनाचा प्रश्न आहे, आणि मॅनेजरशी त्याच शब्दांत बोला. पगार एकदा जरी उशिरा झाला किंवा अडचणीच्या प्रश्नांना मीटिंगमध्ये उत्तरंच मिळेनाशी झाली, तर बाहेर चौकशी सुरू करायला हरकत नाही.

९. तुमच्यानंतर कुणी येतं तेव्हा

वाढत्या कंपनीत जुनं व्हायला फार वेळ लागत नाही. सहा-आठ महिन्यांत तुमच्या मागून येणाऱ्यांची संख्या तुमच्या पुढे असलेल्यांहून जास्त होऊ शकते. एखादी नवी मुलगी येते, आणि तिला मदत करायला तुम्हाला सांगितलं जातं.

पहिल्या दिवशी तिच्या शेजारी बसा. तिच्या कीबोर्डला हात लावू नका. तुम्ही लिहिलेली रीडमी तिला उघडू द्या आणि गप्प राहून बघा. ती कुठल्या पायरीला थांबते, कुठली ओळ दोनदा वाचते, कुठे काही न बोलता दुसरीकडे शोधायला लागते. तुम्हाला अगदी उघड वाटणारी एखादी गोष्ट तिला कळणार नाही. त्या क्षणी तोंडी सांगून मोकळं व्हायचा मोह होतो. थांबा. फाइल तिच्याच मशीनवर उघडा, तिला काय कळलं नाही ते तिच्याच शब्दांत तिला लिहू द्या, आणि ती पुल रिक्वेस्ट तिच्या नावावर जाऊ द्या. रिव्ह्यूला तुम्ही आहातच.